उरलेला तास कुणाचा?

अकोल्याहून भुसावळकडे निघालेली गाडी पारस, नागझरी करत शेगावला पोचते. पारस आणि शेगाव यांच्यात जेमतेम वीसेक किलोमीटर. पारसला महानिर्मितीचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॅटचे दोन संच, एक २००८ चा, दुसरा २०१० चा. त्याआधी साठच्या दशकातले दोन लहान संच तिथे होते, ते कधीच निवृत्त झाले. भुसावळच्या दीपनगर आणि नाशिकच्या एकलहरे वीज केंद्रांकडे जाणारा विदर्भातला कोळसाही याच लोहमार्गाने शेगावावरून पुढे सरकतो. शेजारी वीज केंद्र, दारात मुंबई–नागपूर लोहमार्ग आणि डोक्यावर पावसाळा सोडला तर वर्षभर वऱ्हाडचे ऊन. नकाशा पाहून कुणीही म्हणेल, या तालुक्याला विजेची काय चिंता? पण शेगाव शहराची हद्द ओलांडून पूर्णा नदीच्या दिशेने वावरांत शिरले, की विजेबद्दलचा पहिला प्रश्न दराचाही नसतो आणि मेगावॅटचाही नसतो. तो असतो, ‘लाइन कवा येते?’

कोळशाकडून सूर्याकडे जाण्याच्या या काळात एखाद्या प्रदेशाची ऊर्जा सुरक्षा कशी मोजायची, यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातली बरीच मापे ‘किती’ विचारतात. शेगावच्या वावरातला प्रश्न ‘केव्हा’ विचारतो. या दोन प्रश्नांमधले अंतर हाच या लेखाचा विषय.

साठ्याचे गणित

ऊर्जा सुरक्षा हा शब्द जगाच्या तोंडी बसला तो तेलामुळे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि पाश्चात्त्य देशांचे धाबे दणाणले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. सदस्य देशांनी निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा ठेवावा, हा तिचा दंडक आजही आहे. सुरक्षा म्हणजे साठा, आणि साठा दिवसांत मोजायचा, असे ते सरळ गणित होते. पुढे मापे वाढत गेली. २००७ मध्ये आशिया-पॅसिफिक ऊर्जा संशोधन केंद्राने उपलब्धता, आवाक्यातली पोच, परवडणारा दर आणि समाज-पर्यावरणाला मान्य असणे अशी चौकट मांडली. २०११ मध्ये बेंजामिन सोवाकूल आणि ईशानी मुखर्जी या अभ्यासकांनी ऊर्जा सुरक्षेचे ३२० साधे आणि ५२ गुंतागुंतीचे निर्देशक एकत्र केले. आपल्याकडे नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये राज्यांचा ऊर्जा व हवामान निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात सहा निकष आणि २७ निर्देशक होते. पण त्याचे लहानात लहान एकक राज्य. चंद्रपूर, मुंबई आणि शेगाव त्यात एकाच आकड्यात मिसळून जातात.

पारसला साठ्याचे गणित मांडून पाहू. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दोन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालताना १ कोटी २० लाख युनिट वीज देतील आणि आठ हजार टनांच्या वर कोळसा खातील. एका मालगाडीत साडेतीन ते चार हजार टन बसतात. म्हणजे रोज दोन गाड्या तर हव्यातच. खाणीपासून दूरच्या केंद्रांनी हंगामानुसार २० ते २६ दिवसांचा कोळसा आवारात ठेवावा, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा निकष आहे. तो कडक झाला तो २०२१ च्या ऑक्टोबरातल्या टंचाईनंतर. त्या महिन्यात देशातल्या अनेक केंद्रांकडे चार दिवसांचाही कोळसा नव्हता.

कोळसा असला तरी पाणी लागते. जुलै २०१५ मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद पडले, ते पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच सावरले. मराठवाड्यातल्या त्या दुष्काळात परळीच्या साठ्याच्या नोंदी पाहणाऱ्याला केंद्र सुरक्षित दिसले असते. साठा मोजणारे माप कोळशाकडे पाहत होते, आणि केंद्र थांबले ते पाण्यासाठी.

मोजणीतून वगळलेली वाहिनी

वीज केंद्र शेजारी असणे आणि घरात वीज असणे यांचा संबंध किती थोडा, हे विदर्भाने भारनियमनाच्या वर्षांत सोसले आहे. पारसची वीज उच्चदाबाच्या वाहिनीने राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. तिच्यावर कुणाच्या गावाचे नाव लिहिलेले नसते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मागणी आणि पुरवठा यांत चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस अशी केंद्रे विदर्भात, आणि अंधारही विदर्भात, ही तेव्हाची तक्रार अजून कुणी विसरलेले नाही. भारनियमनाचे तास ठरवायला महावितरणने वाहिन्यांचे गट पाडले होते. गळती कमी आणि वसुली चांगली तो वरचा गट, तिथे अंधार कमी. गळती जास्त आणि वसुली खालावलेली तो खालचा गट, तिथे तास जास्त. एकाच फीडरवर नियमित बिल भरणारा आणि आकडा टाकणारा, दोघांना एकच शिक्षा.

वीजपुरवठ्याची विश्वासार्हता मोजायला जगभर दोन निर्देशांक वापरतात. वर्षात सरासरी ग्राहकाची वीज किती वेळा गेली हा एक, आणि एकूण किती वेळ गेली हा दुसरा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००५ मध्ये केलेल्या कृतिमानकांच्या विनियमांत हे दोन्ही होते. पण त्यांचे सूत्र वाचले की एक अट दिसते. जिच्यावर मुख्यतः शेतीचा भार आहे ती वाहिनी मोजणीतून वगळायची. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांत सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज हा हक्क मान्य केला, आणि लगेच पुढे, शेतीसारख्या वर्गासाठी आयोगाला कमी तास ठरवता येतील, अशी मोकळीक ठेवली. म्हणजे जिथे पुरवठा सर्वांत तुटक, तिथेच माप लावायचे नाही. असा निर्देशांक सुधारत गेला तर त्यात नवल ते काय!

शेतीच्या विजेचा एक आकडा मात्र हिशेबात हमखास असे, तो म्हणजे वापराचा. लाखो पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर निघे. किती युनिट वापरले, हा अंदाजच. २०१५ मध्ये राज्य सरकारने कृषिपंपांच्या वीजवापराचे सत्य शोधायला समिती नेमली, आयआयटी मुंबईकडून अभ्यास करून घेतला. शेतीच्या नावावर दाखवला जाणारा वापर प्रत्यक्षाहून बराच जास्त आहे आणि त्याआड गळती झाकली जाते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. पुढे आयोगानेही शेतीच्या वापराचे आकडे खाली आणले. जो शेतकरी विश्वासार्हतेच्या मोजणीत नव्हता, तो गळतीच्या हिशेबात मात्र ढाल म्हणून वापरला गेला.

रात्रीचे ओलित

महाराष्ट्रात शेतीच्या थ्री फेज पुरवठ्याची वर्षानुवर्षांची रीत म्हणजे आळीपाळी. एका आठवड्यात दिवसा आठ तास, पुढच्यात रात्री दहा तास. रात्रीचे दोन तास जास्त, ही जणू बक्षिशी. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे तर डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री वावरात जायचे. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, साप-विंचवाची भीती. रानडुकरे आणि रोही आहेतच. खामगाव–मोताळ्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला अस्वलेही. लाइन आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच लावायचा. त्यामुळे लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार येतो आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत पीक वाट पाहते.

शेतकऱ्याला रात्रच का, याचे उत्तर कोळशाच्या भट्टीत आहे. औष्णिक संच वाटेल तेव्हा विझवून वाटेल तेव्हा पेटवता येत नाही. ठरावीक पातळीखाली तो चालतही नाही. शहरे झोपतात, बाजार बंद होतात, विजेची मागणी उतरते, आणि संच तर चालूच असतात. ही उरलेली वीज खपवायला घेणारा हवा. उद्योगांना त्यासाठी रात्रीच्या दरात सवलत दिली गेली. शेतकऱ्याला सवलतीचे विचारले नाही, पाळी दिली. ग्रिडला जो तास नकोसा, तो त्याच्या वाट्याला.

खाऱ्या पाण्याचा तालुका

शेगाव तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजारांहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरलेला हा पट्टा. जमीन काळी, खोल, कसदार. खालचे पाणी मात्र खारे. विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला मानवत नाही, जमीनही बिघडवते. म्हणून कपाशी, सोयाबीन, तूर बहुतेक पावसावरच. जिथे नदी-नाल्याचे, कालव्याचे किंवा शेततळ्याचे गोडे पाणी मिळते तिथेच ओलित.

ऊर्जा सुरक्षेचे सरधोपट माप इथे फसते. ‘प्रत्येक शेतकऱ्याला पंप’ हे नाशिक किंवा सांगलीत सुरक्षेचे लक्षण ठरेल. खारपाणपट्ट्यात पंप हा पुढचा प्रश्न, आधी गोड्या पाण्याची सोय. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागाची पिण्याच्या पाण्याची भिस्त सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणावर आहे. पाणी शुद्ध करणे, टाकीत चढवणे, गावोगाव पोचवणे, सगळे विजेवर. इथे वीज गेली तर दिवा जातो, आणि नळही जातो. विहीर आहे की, असे म्हणायची सोय नाही.

पुढची गोष्ट मोठी आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचे धरण बांधले जात आहे. सव्वाआठ किलोमीटर लांबीचा बांध, आणि एक लाख हेक्टरच्या आसपास सिंचनाचे उद्दिष्ट. या प्रकल्पाचे पाणी मुख्यतः उपसा योजनांनी वर चढवायचे आहे. कालव्याच्या उताराने वाहणारे पाणी विजेचे मिंधे नसते. उपशाचे पाणी असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी उपसा योजना पंप असून वीजबिलापायी थांबल्या, हा अनुभव जुना आहे. जिगाव पूर्ण होईल तेव्हा या भागाची शेती पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर विजेला बांधली जाईल. ती कोणत्या तासाच्या विजेला, हे आत्ताच ठरवायला हवे.

दिवसाची वीज

आता सूर्याकडे येऊ. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावाच्या उपकेंद्राजवळ जमीन घ्यायची, तिथे काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, ही तिची मूळ कल्पना. २०२३ मध्ये दुसरा टप्पा जाहीर झाला आणि गती वाढली. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, अशी तीन वर्षे. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. राज्याचे उद्दिष्ट ७ हजार मेगावॅटपासून वाढत १६ हजारांवर गेले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या योजनेतल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण केले. १६ हजारांपुढे १९ हा आकडा किरकोळ वाटेल. पण ज्या फीडरवर तो प्रकल्प आहे, तिथल्या शेतकऱ्याची रात्र सुटली.

एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला चारेक एकर जमीन लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार हजारांच्या वर युनिट मिळतात. पारसच्या पूर्ण क्षमतेइतकी दैनिक वीज उन्हातून काढायची तर जवळपास तीन हजार मेगावॅट आणि अकरा-बारा हजार एकर लागतील. पण तसे करायचेच नाही. शेतीची गरज पारसच्या जागी पारस उभे करण्याची नाही. गरज आहे ती ज्या तासाला पाणी द्यायचे त्या तासाला, आपल्याच उपकेंद्रावर वीज असण्याची. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॅट. पाच-सहा मेगावॅटचा प्रकल्प एका वेळी हजाराहून अधिक पंप ओढू शकतो. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, म्हणून वाटेतली गळतीही कमी.

पण रात्रीऐवजी दिवसा वीज, हा बदल नेमका कशामुळे घडला? ग्रिडमधल्या नकोशा तासाची जागा बदलली. देशात सौरवीज इतकी वाढली की आता भर दुपारी वीज उरते आणि संध्याकाळी कमी पडते. नियामक आयोगाच्या २०२५ च्या दररचनेत ते लख्ख दिसते. उद्योगांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असे. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत आहे आणि पाचपासून मध्यरात्रीपर्यंत जादा आकार. रात्रीची उरलेली वीज शेतकऱ्याच्या वाट्याला होती. आता दुपारची उरलेली आहे. फरक इतकाच की ती त्याच्या सोयीची निघाली.

ही सोय टिकेल का, हा खरा प्रश्न आहे. उद्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या, हरित हायड्रोजनचे कारखाने आणि डेटा सेंटर दुपारच्या स्वस्त विजेवर उभे राहिले, तर दुपारही महाग होईल. तेव्हा शेतीच्या फीडरचे आठ तास कुठे सरकवायचे, याची चर्चा पुन्हा सुरू होईल. म्हणून आज मिळणारी दिवसाची वीज शेतकऱ्याचा हक्क म्हणून नोंदलेली आहे, की उरलेला तास म्हणून मिळालेली आहे, हे मोजणीत स्पष्ट दिसले पाहिजे.

उन्हाच्या मर्यादा

कोळशाचा साठा करता येतो, उन्हाचा येत नाही. म्हणून सौरकाळात ‘किती दिवसांचा साठा’ या जागी ‘संध्याकाळी सहा ते दहा काय’ हा प्रश्न येतो. ऋषिपंचमीला आणि माघातल्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावात दूरदूरच्या दिंड्या येतात, गाव रात्रभर जागे असते. दवाखाने, भक्तनिवास, पाण्याच्या टाक्या यांना सूर्य मावळल्याची सबब चालत नाही. संध्याकाळसाठी साठवण लागेल. घाटघरचे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र २००८ पासून आहे. स्वस्त वीज असताना पाणी वर चढवायचे, गरज पडली की खाली सोडून वीज घ्यायची, ही त्याची रीत. सह्याद्रीला उंचीचा आधार आहे. पूर्णेच्या सपाट खोऱ्याला बॅटरी किंवा पारससारखी केंद्रे, हेच पर्याय. पारसचे काम यापुढे दिवसभर एका लयीत चालण्यापेक्षा दुपारी मंदावणे आणि संध्याकाळी चढणे हे होत जाईल. त्याचे मोल युनिटांत मोजले तर केंद्र तोट्यात दिसेल. संध्याकाळच्या चार तासांत मोजले तर सोन्याचे.

पावसाळ्यातली ढगाळ हवा, वैशाखातले वादळ, गारपीट, ही वऱ्हाडातली जोखीम निराळीच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा मिळतो. हा पंप ग्रिडला जोडलेला नसतो. लाइनची वाट पाहणे संपते, हा फायदा मोठा. पण कपाशीच्या कोरडवाहू वावरात वर्षातले कितीतरी महिने तो नुसता उभा असतो आणि त्याची वीज दुसऱ्या कुणाच्या कामी येत नाही. शिवाय बिघडल्यावर वायरमनला बोलावता येत नाही, कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते.

जग या वाटेवर आपल्या पुढे ठेचकाळले आहे. २०२१ मध्ये जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक एकट्या रशियाचा होता; युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सगळे गणित कोसळले. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तिथे ऊन भरपूर होते, वीजही होती. ढासळले ते व्होल्टेजचे नियंत्रण. सौर पॅनेलच्या निर्मितीसाखळीचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा चीनकडे आहे. म्हणजे ऊन आपले असले, तरी ते पकडणारी काच परावलंबी असू शकते.

चूल मोजायची राहिली

ऊर्जा म्हणजे वीज, ही समजूत शहरी आहे. वऱ्हाडात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटल्या जातात, तुरीच्या तुराट्या होतात. कुडाच्या भिंतीला, कुंपणाला आणि मुख्य म्हणजे चुलीला त्या लागतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी घरोघर पोचवली. पण देशात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो. सिलिंडर महागला की पऱ्हाटी आठवते. ज्या घरात शेगडीही आहे आणि पऱ्हाट्यांचा भाराही, ते घर जोखीम कशी विभागावी हे जाणते. त्या धुराची किंमत मात्र चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीने मोजावी लागते. ट्रॅक्टरचे डिझेल, चूल आणि शेगडी यांना वगळून काढलेला शेगावचा कुठलाही ऊर्जा-निर्देशांक अर्धाच असेल.

मग मोजायचे काय?

३२० निर्देशकांची तालुक्याला गरज नाही. शेतीची वाहिनी न वगळता, फीडरनिहाय पाच गोष्टी मोजल्या तरी चित्र उभे राहते. पहिली, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत थ्री फेज वीज प्रत्यक्ष किती तास आणि कोणत्या व्होल्टेजने होती. पंप फिरवू न शकणारी वीज तासांत धरायची नाही. दुसरी, संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत गावठाणाचा पुरवठा किती वेळा तुटला. तिसरी, डीपी जळाल्यापासून बदलेपर्यंत किती तास गेले, आणि ते हंगामात की हंगामाबाहेर. चौथी, पाणीपुरवठा, दवाखाना यांना ग्रिड नसताना किती तास तग धरता येतो. पाचवी, कुटुंबाच्या उत्पन्नातला किती हिस्सा वीज, गॅस आणि डिझेलवर जातो. यातली सरासरी नको, शेवटच्या खांबाचा आकडा हवा. उपकेंद्राजवळच्या पंपाला मिळते ती वीज सांगून शेवटच्या पंपाचे समाधान होत नाही.

यातली निम्मी मोजणी आजही होते. प्रत्येक ३३ केव्ही उपकेंद्रात ऑपरेटर तासातासाला लॉगशीट भरतो. फीडर केव्हा सुरू, केव्हा बंद, भार किती, सगळे त्यात असते. ते कागद खात्याच्या आत राहतात. सौर प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला पैसे मिळतात, तिथे त्या फीडरचा महिन्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवण्याची अटही करारात बसवता येईल. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, नवे यंत्रही नको.

गावकऱ्यांना हे जड जाईल, असे कुणी म्हणू नये. भारनियमनाच्या ऐन भरात राज्यातल्या अनेक गावांनी अक्षय प्रकाश योजनेत संध्याकाळी मोटारी बंद ठेवायचे आपणहून ठरवले होते, म्हणजे सगळ्या गावाला उजेड राहील. कोणत्या तासाला किती भार आणि तो कुणी सोडायचा, हे गणित त्यांनी वीस वर्षांपूर्वी करून दाखवले. तेव्हा त्यांच्याकडून तास मागून घेतला होता. आता दिवसाचे आठ तास शेतीचे, असे नियमात लिहून घ्यायची पाळी त्यांची आहे. ग्रिडला नको असो वा हवा असो, तो तास शेतीचाच राहणार असेल, तर शेगाव सुरक्षित झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत पारसच्या ५०० आणि सौरच्या १६ हजार मेगावॅटची बेरीज कितीही मोठी झाली, तरी ‘लाइन कवा येते?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडणार नाही.